गेटवरचा अंगठा: ठाण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे आत वळलं की एकाला एक लागून सोसायट्या आहेत. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. तीन विंग, १६८ फ्लॅट. रोज सकाळी शंभरेक माणसं कामासाठी गेटमधून आत येतात: घरकामाच्या मावशी, स्वयंपाकाच्या ताई, ड्रायव्हर, गाड्या धुणारी मुलं. सोसायटीचं, बँकेचं, माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. त्या काळात मी मॅनेजिंग कमिटीवर होते, महिला राखीव जागेवर. म्हणजे जे चुकलं त्यात माझीही सही आहे.

२०१९ मध्ये बी विंगमधून एक महागडी सायकल गेली. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं की बाहेरून कामाला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद हवी. सुपरवायझरने कुठल्या तरी दुसऱ्या सोसायटीचा फॉर्म आणला, आम्ही वरचं नाव बदललं आणि तोच छापला. फॉर्मवर नाव, पत्ता, फोटो आणि खाली एक चौकोन: ‘डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा’. फॉर्मला आधार कार्डाची झेरॉक्स स्टेपल करायची. शिवाय गेटवर हजेरीचं बायोमेट्रिक मशीन बसवलं, त्यात बोटाची नोंद वेगळी. कोणी विचारलंच तर ‘पोलीस व्हेरिफिकेशनसाठी लागतं’ हे उत्तर तयार होतं. पोलिसांकडे भाडेकरूची आणि घरकामगाराची माहिती देण्याचा फॉर्म असतो हे खरं. पण त्याची एक प्रत आपल्या केबिनमध्ये कायमची ठेवा, असं आम्हाला पोलिसांनी कधीच सांगितलेलं नव्हतं.

फायली वॉचमनच्या केबिनमध्ये, टेबलाखालच्या पत्र्याच्या कपाटात. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायची. पुढच्या चार वर्षांत सिक्युरिटी एजन्सी दोनदा बदलली. कपाट तेच राहिलं.

आता मावशी. वय सत्तेचाळीस, मूळ गाव पाटण तालुक्यातलं, राहायला मनोरमानगर. आमच्याकडे चार घरांत भांडी आणि केर-लादी. गेटवरच्या मशीनशी त्यांचं कधी जमलं नाही. भांड्याच्या पावडरीने बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालेली की मशीन लाल दिवा दाखवायचं. मग मावशी अंगठा पदराला पुसणार, त्यावर फुंकर मारणार, परत टेकवणार. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हिरवा दिवा. मागे रांग लागलेली आणि सुपरवायझर कुरकुरतोय, हे आम्ही रोज बघत होतो. रेशनच्या दुकानातही तीच कथा. तिथल्या ई-पॉसवर त्यांचा अंगठा लागायचाच नाही, म्हणून मुलीला कॉलेज बुडवून नेत.

काय घडलं

मंगळवार, १८ जुलै २०२३. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून मावशी बँकेत गेल्या आणि पासबुक छापून घेतलं. ७ जुलैला १०,००० आणि ८ जुलैला ७,५०० रुपये गेलेले. संध्याकाळी साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन त्या माझ्या ओट्यापाशी उभ्या. “ताई, माझं पैसं कुणी काढलं वो? मी तर बँकंची पायरीपन चढली नाही.”

नोंदीपुढे इंग्रजीत आधार आणि एईपीएस अशी अक्षरं होती. एटीएम कार्ड त्यांच्याकडे नव्हतंच. यूपीआय नाही, फोन साधा. ओटीपी सांगितला, लिंक दाबली, असलं काही विचारायचीही सोय नव्हती.

एईपीएस म्हणजे आधारवर चालणारी पैसे देण्या-घेण्याची व्यवस्था. गावाकडे बँक मित्र छोट्या मशीनवर अंगठा घेऊन रोख रक्कम देतो, ती हीच. चालवते एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था. पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहाराला दहा हजारांची मर्यादा. जिथे बँकेची शाखा नाही तिथे या सोयीने म्हाताऱ्या माणसांची तालुक्याची फेरी वाचवली आहे, म्हणून तिला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. मात्र ती आपल्या खात्यावर चालू आहे हे मावशींना ठाऊकच नव्हतं. गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी खातं आधारशी जोडलं होतं, त्याच जोडणीवर हेही चालू झालेलं.

एसएमएस का आला नाही? आधार काढताना, शाळेत भरलेल्या कॅम्पमध्ये, त्यांनी नवऱ्याचा नंबर दिला होता. नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, त्यानंतर वर्ष-दीड वर्षाच्या आतली ही गोष्ट. रांगेत उभं राहा, बोटं टेकवा, डोळे दाखवा. मोबाइलचा रकाना तेव्हा कुणी फारसा मनावर घेत नव्हतं. बँकेतही तोच नंबर. ते सिम कधीच बंद पडलं होतं.

बँकेतलं पहिलं उत्तर

१९ जुलैला मी, मावशी आणि आमचे खजिनदार काका असे तिघं शाखेत गेलो. काका बँकेतूनच निवृत्त झालेले, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही हे त्यांना पाठ. काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, “अंगठा मॅच झालाय. म्हणजे पैसे तुम्हीच काढलेत, नाहीतर घरातल्या कुणीतरी तुमचा अंगठा घेतलाय.”

मावशींनी दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले. काही बोलल्या नाहीत. साहेबांनी स्वतःच्या टेबलावरचं स्कॅनर पुढे केलं आणि खात्री करायला अंगठा ठेवायला सांगितलं. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदाही नाही. खुद्द बाईचा अंगठा त्यांच्याच शाखेत जुळत नव्हता, आणि दुसऱ्या राज्यातल्या एका बँक मित्राच्या पॉइंटवर मात्र तो दोन दिवस जुळला होता.

काकांनी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख अर्जातच केला होता. त्याचा सार असा. चूक ग्राहकाची नाही, बँकेची नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच काही घडलं, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवस लागले तर बोजा मर्यादित. त्यापुढे बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकच जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. तक्रार आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते.

बँकेचं म्हणणं, एसएमएस ७ आणि ८ तारखेला गेले, सात दिवस उलटले. आमचं म्हणणं, बंद नंबरवर गेलेला एसएमएस पोचला असं कसं म्हणणार, मावशींना सूचना मिळाली ती १८ तारखेला पासबुकातून. हा वाद पुढे अडीच महिने चालला.

अंगठा गेला कुठून

हे आजही नक्की सांगता येत नाही. तेव्हा चार जागा समोर आल्या.

पहिली आमचीच. केबिनमधल्या फॉर्मवर शाईचा ठसा आणि त्याला स्टेपल केलेला बारा आकडी क्रमांक. शाईच्या चांगल्या ठशावरून सिलिकॉनचं किंवा तसल्या कशाचं बोट बनवता येतं, अशा प्रकारांच्या बातम्या तेव्हा बऱ्याच राज्यांतून येत होत्या. बँकेचं नाव शोधायलाही फार डोकं लागत नाही, मोठ्या सरकारी बँका एकेक करून लावून बघायच्या. गेटवरच्या मशीनवर संशय कमी. त्यात ठशाचं चित्र साठत नाही, खाणाखुणांचा गणिती साचा साठतो, असं विकणाऱ्याचं म्हणणं. ते तपासून बघायची आमची कुवत नव्हती.

दुसरी जागा म्हणजे मनोरमानगरच्या कोपऱ्यावरचं दुकान. मावशी तिथे वर्षातून एकदोनदा अंगठा देऊन पैसे काढत. “सर्व्हर डाऊन आहे, परत ठेवा,” असं म्हणून दोनदा बोट घेतल्याचं त्यांना आठवत होतं. पण ज्या बाईचं बोट कुठेच धड लागत नाही, तिच्या बाबतीत हे लबाडीचं की रोजचंच?

तिसरी जागा मला स्वतःला सर्वात अस्वस्थ करून गेली. २०२१ मध्ये मावशींनी गावी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघाला, अंगठा घेतला गेला, ओळख म्हणून आधारची प्रत जोडली गेली. नोंदणी कायद्याच्या ३२अ कलमानुसार अशा दस्तांवर फोटो आणि बोटांचे ठसे लागतात. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार जमिनीच्या व्यवहारांचं पुस्तक फी भरून कुणालाही बघता येतं. जमिनीचा व्यवहार उघड असावा, फसवणूक होऊ नये, यासाठी १९०८ मध्ये केलेली ही तरतूद चांगलीच आहे. त्या काळी अंगठ्याने पैसे निघत नव्हते, एवढंच.

चौथी जागा ‘कुठेही’. सिमकार्डाचं दुकान, झेरॉक्सवाल्याकडे उरलेल्या खराब प्रती, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. मावशींनी गेल्या पाच वर्षांत आधारची प्रत कुठे कुठे दिली याची यादी मुलीने वहीच्या पानावर केली. सतरा ठिकाणं निघाली आणि पान संपलं.

मावशींसमोरचे पर्याय

सुरुवातीला सगळ्यांचा एकच सल्ला, आधार खात्यातून काढून टाका. खातंच बंद करून दुसरीकडे उघडा, असंही कोणी सुचवलं. काकांनी दोन्ही थांबवलं. तक्रार चालू असताना खातं बंद केलं की पाठपुरावा लटकतो. आणि आधारची जोडणी तोडली तर गॅसची सबसिडी, पुढेमागे येणारी कुठलीही सरकारी मदत अडकणार. त्याऐवजी फक्त एईपीएसने पैसे काढणं बंद करा असा लेखी अर्ज दिला, शाखेने तो घेतला. वर्षभरानं, ऑगस्ट २०२४ पासून, लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यातच यायला लागले. जोडणी तोडली असती तर मावशी तिथेही हेलपाटे घालत बसल्या असत्या. काकांना योजनेचं स्वप्न पडलं नव्हतं, सरकारी पैसा कुठल्या वाटेने येतो एवढं त्यांना माहीत होतं.

दुसरा पर्याय आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचा. यूआयडीएआय म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून हे फुकट होतं. लॉक केलं की बोट, डोळा, चेहरा, कशानेही पडताळणी होत नाही. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. ऐकायला सोपं. पण लॉक करायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो आणि तो नंबर तर मेलेला. म्हणजे आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. त्याची फी तेव्हा ५० रुपये, कागद काही लागत नाही, फक्त बोट लागतं. आणि बोटच लागत नव्हतं. ऑपरेटर मुलगी समजूतदार होती. दहाही बोटं करून झाल्यावर तिने डोळ्याचं यंत्र काढलं आणि काम झालं. या सगळ्यात दोन कामकाजाचे दिवस गेले, म्हणजे चारही घरांत दोन दोन खाडे. एका घराने ते पगारातून कापले. कुठलं घर ते मला माहीत आहे, लिहीत नाही.

लॉकची आणखी एक अडचण, रेशन. अंगठा लॉक तर ई-पॉसवर धान्य नाही. मात्र कार्डावरच्या कुटुंबातल्या कुणाही एकाचा ठसा चालतो आणि मुलगी तसंही जातच होती. म्हणून मावशींचं लॉक केलं, मुलीचं उघडं ठेवलं. हा तोडगा मुलीचा. आम्ही तिघं मोठी माणसं लॉक-अनलॉकच्या पायऱ्या कागदावर लिहीत बसलो होतो.

लॉक झाल्यावर पोर्टलवर पडताळणीचा इतिहास बघितला. गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे बोट वापरलं गेलं ते तिथे दिसतं. ७ जुलैच्या यशस्वी नोंदीच्या आधी त्याच दिवशी दोन फसलेल्या नोंदी होत्या, वेगळ्या बँकांच्या नावाने. म्हणजे कुणीतरी अंदाजाने बँका लावून बघत होतं.

गेटचा लॉग

व्यवहारांच्या नेमक्या वेळा बँकेने लेखी कळवल्या त्या २७ जुलैला. शुक्रवार ७ तारखेचा व्यवहार सकाळी ९:३८ चा, शनिवारचा १०:०५ चा. काकांचा चेहरा उजळला. त्या वेळी मावशी आमच्या इमारतीत होत्या! सीसीटीव्ही काढायला आम्ही केबिनकडे धावलो. आमचं फुटेज पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. २२ तारखेपर्यंत ते होतं. १९ ला अर्ज लिहिताना एका वाक्याने सुपरवायझरला सांगितलं असतं की ७ आणि ८ तारखेचं बाजूला काढून ठेव, तर ते हातात असतं.

उरलं हजेरीचं मशीन. त्याचा लॉग सांगत होता: ७ जुलै, आत ९:११, बाहेर १:४७. ८ जुलै, आत ९:०६. शुक्रवारी तर ९:०९ पासून तीन फसलेले प्रयत्नही नोंदलेले. पदराला पुसलेला अंगठा, शब्दशः. ज्या मशीनला मी त्या आठवड्यात शिव्या घालत होते, त्यानेच मावशी ठाण्यात असल्याचा पुरावा दिला. लॉगची प्रत, त्यावर सोसायटीचा शिक्का, चारपैकी तीन घरांची ‘त्या वेळी कामावर होत्या’ अशी पत्रं, हे सगळं बँकेला गेलं. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, केलेल्या तक्रारीलाही तेच जोडलं. १९३० चा उपयोग पैसे खात्यांतून फिरत असताना होतो, तेव्हा ते वाटेत गोठवता येतात. इथे रोख निघून अकरा दिवस झालेले. तरीही तक्रारीचा क्रमांक हवा होता, कारण बँक तोच आधी विचारते.

कमिटीची मीटिंग

६ ऑगस्ट, रविवार, क्लब हाऊस. प्रश्न दोन होते: केबिनमधल्या कागदांचं काय करायचं आणि मशीन ठेवायचं का.

चेअरमन साहेबांचा सूर असा की आपल्याकडून काही गेलंय हे सिद्ध झालेलं नाही, मग कबूल केल्यासारखं का वागायचं. हा मुद्दा वाटतो तितका पोकळ नव्हता. आपण फायली फाडल्या आणि उद्या पोलिसांनी विचारलं तर पुरावा नष्ट केला असं होईल, ही भीती खरी होती. काकांनी मे २०२२ चं यूआयडीएआयचं पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा. चेअरमननी फोनवर दोन दिवसांनंतरचं पत्रक शोधलं: आधीच्या पत्रकाचा चुकीचा अर्थ निघू शकतो, ते मागे घेतलं, नेहमीची काळजी घ्या म्हणजे झालं. एकाच संस्थेची दोन पत्रकं, २७ आणि २९ मे. त्यावर पाऊण तास गेला.

मग कायद्याकडे वळलो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारला दिलेल्या आव्हानातूनच तो प्रश्न पुढे आला होता. २६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी आधार कायदा टिकवला, पण खासगी कंपन्यांना आधार वापरायची मुभा देणारा ५७ व्या कलमाचा भाग काढून टाकला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं, त्यांनी सगळा कायदाच घटनाबाह्य मानला. २०१९ च्या दुरुस्तीने ‘ऑफलाइन पडताळणी’ आली, म्हणजे कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करून माणूस तोच आहे ना एवढं बघायचं, तेही त्याच्या संमतीने. ८अ कलमात साफ लिहिलंय की अशी पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक किंवा बायोमेट्रिक गोळा करायचं नाही, साठवायचं नाही. ए विंगमधल्या एका वकील मॅडमनी हे वाचून दाखवलं. मग कोणीतरी म्हणालं, “पण सगळ्याच सोसायट्या घेतात.” त्याला वकील मॅडमनी उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला.

मशीनवर मात्र मत फुटलं. मशीन होतं म्हणून मावशी वाचल्या, मग ते का काढायचं? मलाही यावर पटकन उत्तर सुचलं नाही. बोलता बोलता सुचलं ते असं: मावशींना वाचवलं ते वेळेच्या नोंदीने. ती नोंद कार्ड टेकवूनही झाली असती, रजिस्टरमधल्या सहीनेही. त्यावर सुपरवायझर म्हणाला की कार्ड एकमेकींना देतात. देतात, खरं आहे. आणि कार्ड हरवलं तर नवं मिळतं, हेही खरं.

मावशींना मीटिंगला बोलवावं असं सुचवलं तेव्हा ‘त्यांना संकोच वाटेल’ म्हणून ते बारगळलं. ते मी जोरात मांडलं नाही. शंभर माणसांच्या बोटांबद्दल आम्ही नऊ जण बोललो, आणि त्या शंभरातलं एकही तिथे नव्हतं.

केलेली कृती

फायली लगेच फाडल्या नाहीत. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवलं की तपासासाठी हव्या असतील तर महिनाभर सीलबंद ठेवतो. कुणी मागितल्या नाहीत. १७ सप्टेंबरच्या वार्षिक सभेत, गणपतीच्या दोन दिवस आधी, ठराव आला आणि चर्चेविना मंजूर झाला. मंडपाच्या खर्चावर त्याच सभेत तासभर भांडण झालं, तेही नोंदवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी ४१२ फॉर्म मोजून श्रेडरमध्ये घातले. त्यातले जवळपास तीनशे फॉर्म अशा लोकांचे, जे आता सोसायटीत येतही नव्हते. एका फॉर्मवर अकरा वर्षांच्या मुलाचा अंगठा होता, आईबरोबर येतो म्हणून घेतलेला.

आता ओळखपत्र बघून परत देतात, आधार नको असेल तर मतदार कार्डही चालतं. रजिस्टरमध्ये नाव, फोन आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. पोलिसांचा फॉर्म ज्याच्या घरी काम आहे त्याने थेट भरायचा. गेटवर टेकवायचं कार्ड. बोटांचं मशीन काढलं. त्याचा डेटा विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरही जात होता हे तेव्हा कळलं. पुसून टाका असा ईमेल केला, ‘डन’ एवढं एका शब्दाचं उत्तर आलं. ते खरं की खोटं हे तपासायला आमच्याकडे काही नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ ला मिळाली, आमच्या मीटिंगनंतर पाच दिवसांनी. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं.

निष्पत्ती

बँकेने दहा दिवसांत तात्पुरती रक्कम दिली नाही. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर नाही म्हणून २१ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. ४ ऑक्टोबरला १७,५०० रुपये खात्यात परत आले. सोबतच्या पत्रात कारण नव्हतं, दिलगिरी नव्हती. तोवर कॉलेजची फी मावशींनी भिशीतून उचलून भरली होती आणि भिशीचा नंबर पुढे गेल्याने दिवाळीचे पैसे हुकले. ते कुणी भरून देत नाही. पोलिसांत तक्रार अजून उघडी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सीसीटीव्हीचं वर आलंच आहे. कुठल्याही व्यवहाराची तक्रार असेल तर पहिल्याच दिवशी फुटेज बाजूला काढावं, वेळ नंतर कळली तरी चालते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तासभर ‘कुणी केलं’ यावर घालवला. त्याच तासात १९३० ला फोन व्हायला हवा होता. खातं अजून उघडंच होतं, शिल्लक नऊशे रुपये, म्हणून पुढचा व्यवहार झाला नाही. नशिबाने, आमच्या हुशारीने नव्हे.

मोबाइल नंबर. मावशींच्या प्रकरणानंतर मी आमच्या गेटवर एका रविवारी टेबल टाकून बसले, आधारशी कुठला नंबर जोडलाय ते तपासून द्यायला. एकतीस जणी आल्या. बारा जणींचा नंबर नवऱ्याचा, भावाचा किंवा बंद. हे टेबल २०१९ मध्ये, फॉर्मवर अंगठे घेत होतो त्याच आठवड्यात टाकता आलं असतं.

आणि हक्कसोडपत्र. त्याचं काय करायचं यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. दस्त उघड असायलाच हवेत, ठसाही हवा, पण ठसा जसाच्या तसा सगळ्यांना दिसावा का? मावशींना मी हे समजावून सांगत होते तेव्हा त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, “म्हंजी जमीनबी गेली आन् अंगठाबी तिथंच ऱ्हायला.” मग शेंगा संपल्या आणि त्या पुढच्या घरी गेल्या. जाताना गेटवर कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, तरी सवयीने अंगठा पदराला पुसून झाला होता.